पाच किलो शेवग्याच्या बिया

पर्यावरण कचेरीची दोन माणसं आली ती सिमेंटची गोणी बरोबर घेऊनच. रुमांतीच्या बातिक कारखान्याच्या मागे, जिथून रंगाचं पाणी नळीतून नदीत पडायचं, तिथे त्यांनी ती गोणी भिंतीला नीट टेकवून ठेवली, हात झटकले आणि एक कागद पुढे केला.

"पुढच्या बुधवारी सकाळी दहाला आमच्या निंद्याबाई येतील. पाणी स्वच्छ पडत असलं तर ठीक. नसलं तर ही नळी बुजवायची."

"आणि ही गोणी?" रुमांतीने विचारलं.

"ती राहू दे इथेच, बू. उगाच दोनदा ओझं कोण वाहणार?"

माणसं बोलायला सभ्य होती, बाईमाणसाला आदराने 'बू' म्हणणारी. चहा पिऊन गेली. पण नळी बुजली की हौद तुंबणार, हौद तुंबला की कापडावरचं मेण उकळून काढणार कुठे आणि रंग धुणार कुठे? चांतिंग हातात धरून मेणाची नक्षी काढणाऱ्या आठ बायका दुसऱ्या दिवसापासून घरी बसणार. त्यातल्या दोघी तर रुमांतीच्या सासूच्या वेळेपासून त्याच पाटावर बसत होत्या.

कागदात आणखीही अटी होत्या. पाणी स्वच्छ झालेलं दहा शेजाऱ्यांनी डोळ्यांनी बघून सही करायची आणि त्यावर लुराहने, म्हणजे गावच्या मुख्याने, जागेवर येऊन सही करायची.

कचेरीचं चुकीचं होतं असं कुणी म्हणू शकत नव्हतं. जावा बेटावरच्या पेकलोंगानच्या त्या गल्लीत नदी बघून सांगता यायचं की यंदा बाजारात कुठला रंग चालतोय. मागच्या वर्षी ती तीन महिने निळी होती. यंदा लाल होती.

रुमांती कागद घेऊन पडवीत आली. तिचा नवरा तारमुजी तिथे कोंबड्यांना तांदूळ टाकत होता आणि टाकताटाकता कोंबडी गिळलेला दाणा कसा दळते ते त्यांनाच समजावून सांगत होता. प्राथमिक शाळेत अडतीस वर्षं विज्ञान शिकवून तो निवृत्त झाला होता. सगळी गल्ली त्याला गुरुजी म्हणायची. म्हणायची तेवढंच, त्याचं ऐकायचं कुणी नाही. ऐकायच्या वयात त्या सगळ्यांनी त्याचं भरपूर ऐकलं होतं, आणि आता कोटा संपला अशी त्यांची समजूत होती.

"काय हो पाक," त्या गावात थोरामोठ्या पुरुषाला म्हणतात तसं रुमांती म्हणाली, "ते तुमचं शेवग्याच्या बियांचं काय होतं?"

गुरुजींच्या हातातले तांदूळ तसेच राहिले. गेली दोन वर्षं ते हे सांगत होते आणि गेली दोन वर्षं रुमांती "बरं" म्हणून स्वयंपाकघरात जात होती.

"तू विचारतेयस?"

"मी विचारतेय. लवकर सांगा, नाहीतर विचार बदलेल."

गुरुजींनी काचेचा पेला आणला, हौदातलं लाल पाणी घेतलं. शेवग्याच्या चार वाळक्या बिया सोलून आतला पांढरा गर कुटला आणि ती पूड पाण्यात ढवळली.

"हे बघ. रंगाचे कण जत्रेत हरवलेल्या पोरांसारखे असतात. सैरावैरा पळतात, म्हणून खाली बसत नाहीत. ही पूड म्हणजे शेजारणी. एकेकाला हाताला धरतात, चार-चार एकत्र करतात आणि तळाशी नेऊन बसवतात."

तासाभराने पेल्याच्या तळाला लाल साका बसला होता आणि वरचं पाणी फिक्या चहासारखं झालं होतं.

"चहा झाला," रुमांती म्हणाली.

"ही पहिली पायरी. पुढे करवंटीचा कोळसा, काथ्या, वाळू. त्यापुढे वाळ्याचं आणि जलपर्णीचं डबकं. मग बघ."

"किती बिया लागतील?"

"अख्ख्या हौदाला? सोललेल्या पाच किलो तरी."

त्याच दिवशी बायकांनी नक्षीचं काम बाजूला ठेवलं. कुणी करवंट्या जाळल्या, कुणी नदीकाठचा वाळा मुळांसकट उपटून आणला. मधल्या जुन्या हौदाला भेग होती, ती गुरुजींनी कचेरीच्या गोणीतलं थोडं सिमेंट घेऊन बुजवली.

"अहो, सरकारी गोणी ती!" रुमांती दबक्या आवाजात म्हणाली.

"बुजवायलाच आणली होती ना? बुजवलंय."

राहता राहिल्या बिया. आता शेवगा काही दुर्मिळ झाड नव्हे, काडी खोचली तरी वाढतं. पण त्या गल्लीत अंगणात शेवगा कुणी लावत नसे. मढं धुताना पाण्यात शेवग्याची पानं टाकायची, आणि कुणाच्या अंगातला सुसुक उतरवायचा तो शेवग्याच्या डहाळीनेच, एवढाच त्या झाडाचा उपयोग लोकांना माहीत होता. सुसुक म्हणजे मंतरलेली सोन्याची बारीक सुई. मांत्रिकाकडून ती चेहऱ्यात घालून घेतली की तोंडावर तेज चढतं, शब्दाला वजन येतं, समोरचा माणूस विरघळतो. अशा माणसाला शेवग्याचा नुसता स्पर्श झाला तरी सगळं ओसरतं म्हणतात. म्हणून शेवगा होता तो फक्त कबरस्तानाच्या भिंतीलगत, आणि तो होता म्बाह कार्सियेमचा, म्हणजे कार्सियेम आजीचा. म्हातारीचं वय ऐंशीच्या पुढे, गावातली मढी धुण्याचं काम तिच्याकडे.

"किती हव्यात?" म्हातारीने विचारलं.

"सोलून पाच किलो, म्बाह."

म्हातारीने तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "गुरुजी, एका माणसाला एक डहाळी पुरते. फारच मुरलेला असला तर दोन."

"माणसासाठी नकोत. रंगाचं पाणी साफ करायचंय."

"हो, हो."

"खरंच सांगतो. या बियांत एक गुण असतो..."

"तो तुम्ही मला शिकवणार?" म्हातारी जवळ सरकली. "एवढं सांगा, सुई सोन्याची आहे का हिऱ्याची?"

"म्बाह, सुई नाहीच. हौद आहे!"

"नका सांगू. कोण आहे ते मी विचारणारसुद्धा नाही. माझं तोंड म्हणजे कबर."

ती कबर दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजाच्या आधीच उघडली. नाक्यावर बू वास्तीचा तळलेल्या तेंपेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांचा, गाडा होता. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला तेंपेबरोबर हिरवी मिरची मिळे आणि मिरचीबरोबर बातमी.

"पाच किलो!" वास्ती झारा हलवत सांगत होती. "आता तुम्हीच सांगा, एवढा मोठा सुसुक या गावात कुणाचा असणार?"

सांगायची गरज नव्हती. पाक लुराह हार्जितोंनी पन्नाशी ओलांडली होती, पण डोक्यावरचे केस आणि ओठावरची मिशी काजळासारखी काळी. चेहरा नुकताच तेल लावून पुसल्यासारखा. त्यांच्याशी भांडायला गेलेला माणूस चहा पिऊन, त्यांचंच म्हणणं कबूल करून, वर आभार मानून परत यायचा. हे सगळं आपोआप होतं असं समजण्याइतकं कुणी भोळं नव्हतं.

पण लुराह एकटेच नव्हते. गाड्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाने मनातल्या मनात दुसऱ्या दोघातिघांची नावं घेतली, आणि आपलं नाव कोण कोण घेत असेल याचा हिशोब करत घरी गेला.

गुरुजी सह्यांसाठी घरोघरी निघाले तेव्हा त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"बुधवारी का, गुरुजी? बुधवारी माझं पोट दुखणार आहे हो."

"आज शुक्रवार आहे!"

"म्हणून तर आधी सांगून ठेवतोय."

दुसऱ्याच्या बहिणीकडे बुधवारी बारसं होतं. तिसऱ्याला त्याच दिवशी दात काढायचा होता. केशकर्तनालय चालवणारी बू यायुक दारातच म्हणाली, "माझ्या नवऱ्याची नजर बाहेर जात नाही ती माझ्या स्वयंपाकामुळे, गुरुजी. ज्यांना काय बोलायचं ते बोलू देत," आणि दार लावून घेतलं. गुरुजींनी स्वयंपाकाबद्दल काही विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी रुमांती गाड्यावरून तेंपे आणि पूर्ण हकीकत घेऊन आली, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मग त्यांनी शिक्षकाने करायचं तेच केलं. दुसऱ्या दिवशी पेला, पूड आणि लाल पाणी घेऊन ते पुन्हा घरोघरी गेले आणि प्रत्येक दारात प्रयोग करून दाखवला. लोकांनी माना डोलावल्या. पाणी निवळताना बघून एक जण म्हणाला, "बघा! निर्जीव पाण्याचं हे होतं, मग माणसाचं काय होत असेल!"

एकच माणूस त्यांचं मन लावून ऐकत होता, तो म्हणजे लुराह. त्यांनी प्रयोग पुरा होईपर्यंत पेल्यावरची नजर हलवली नाही.

"म्हणजे ही पूड रंग ओढून काढते, गुरुजी?"

"धरते आणि तळाशी नेते. हो."

"फक्त लाल?"

"लाल, निळा, पिवळा, कुठलाही."

"काळासुद्धा?"

गुरुजींना इतका आनंद झाला, की लुराहच्या कपाळावर घाम आलाय हे त्यांना दिसलंच नाही. इतका नेमका प्रश्न त्यांना कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. "काळा तर फार छान धरते!"

"वा, वा," लुराह उठत म्हणाले. "पण बुधवारी नेमकी माझी वरच्या कचेरीत बैठक आहे. काय करायचं आता!"

गुरुजी घरी येऊन पडवीत बसले. "दहा सह्या पाहिजेत आणि एकही नाही. मी समजावतो तसा त्यांचा संशय वाढतो."

"तुम्ही समजावता म्हणूनच," रुमांती म्हणाली. "थांबा, आता मी बोलते."

ती थेट वास्तीच्या गाड्यावर गेली, दोन मेंदोआन, म्हणजे पिठात बुडवून तळलेले तेंपे, मागितले आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वास्ती, बुधवारी आमच्याकडे कोण कोण येतं ते मी नीट बघणार आहे. येणार नाही त्याच्या चेहऱ्यात काय आहे, ते काही वेगळं सांगायला नको."

तिचा मेंदोआन थंड व्हायच्या आत गल्लीतली सगळी पोटं बरी झाली. बारसं पुढे ढकललं गेलं, दात दुखायचा थांबला. सोमवारपर्यंत प्रत्येक घराच्या दाराला शेवग्याच्या वाळक्या शेंगांची जुडी टांगलेली दिसायला लागली. आम्हाला काही भीती नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून. म्बाह कार्सियेमच्या झाडावर एक शेंग उरली नाही. गुरुजींच्या पाच किलो बिया मात्र आधीच घरी पोचल्या होत्या. आठ बायकांनी दोन दिवस त्या सोलल्या, कुटल्या आणि पांढरी पूड परातीत भरून वर फडकं बांधून पडवीत ठेवली.

बुधवार उजाडला. हौदात लालभडक पाणी भरून तयार होतं. गुरुजी अंघोळीला गेले, दाढी केली, ठेवणीतला बातिकचा सदरा घातला. तेवढ्या अवधीत पडवीत काय झालं ते त्यांना नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.

पहिला आला तो बुधवारी पोट दुखणारा शेजारी. त्याने फडकं सोडलं, चिमूटभर पूड घेतली आणि सगळ्यांदेखत कपाळाला लावली. "काही झालं का मला? बघा!" दुसऱ्याने दोन चिमटी घेतल्या, कारण एकच घेतली असती तर लोक म्हणाले असते घाबरला. तिसऱ्याने गालांनाही चोळली. मग आली यायुक. तिने ओंजळ भरून पूड घेतली, तोंड, मान, कोपरापर्यंत हात माखले आणि अंगणात गोल फिरून म्हणाली, "बघा गं बायांनो, डोळे भरून बघा!" त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला यायुकपेक्षा कमी घेणं शक्यच नव्हतं.

गुरुजी बाहेर आले तेव्हा अंगणात तीसेक पांढरीफटक माणसं एकमेकांच्या निर्दोषपणाची खात्री करून घेत होती. परातीच्या तळाशी वाटीभर पूड उरली होती.

"रुमांती," गुरुजी कसेबसे म्हणाले, "पूड कुठे गेली?"

"ही काय," रुमांती दात ओठ खाऊन म्हणाली, "सगळी इथेच उभी आहे."

त्याच क्षणी दारात स्कूटर थांबली. निंद्याबाई म्हणजे पंचविशीतली, डोक्याला नीट रुमाल बांधलेली, हातात बाटल्यांची पेटी घेतलेली मुलगी होती. तिने अंगणातली माणसं पाहिली आणि आपण पत्ता चुकलो की काय म्हणून कागद पुन्हा वाचला.

"या, या, बाळ!" रुमांती धावली. "आधी बसायचं. चहा घ्यायचा."

"हौद बघते आधी, बू."

"चहा न घेता हौद? आमच्या घरी? माझी सासू कबरीत उठून बसेल!"

चहा आला, त्यात साखर बोटभर. मेंदोआन आला. केळं आलं. निंद्याने अर्धं खाल्लं की रुमांती तिच्या ताटलीत दुसरं ठेवी. पाहुणीने "नको" म्हणायचं आणि यजमानणीने "एवढंच" म्हणायचं, हा खेळ त्या गावात एक तास तरी सहज चालतो, आणि अर्ध्यात उठणं म्हणजे उद्धटपणा. पोरगी चांगल्या घरातली होती. अडकली.

दोन ताटल्यांच्या मध्ये रुमांती अंगणाच्या पायरीवर आली.

"ऐका सगळे! तुमच्या दारांवर शेंगा टांगल्यात त्या नुसत्या शोभेच्या का खऱ्या?"

"खऱ्या! खऱ्या!"

"मग ज्याला लपवायचं काही नाही, त्याने आपली जुडी आणावी आणि इथे सगळ्यांसमोर फोडून कुटावी. बघू तरी!"

अंगण रिकामं झालं आणि भरलंही. प्रत्येक जण एका हातात जुडी आणि दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातला दगडी खल घेऊन पळत आला. खल घासून आणायला वेळ कुणाला होता? सकाळीच सगळ्यांनी त्यात साम्बल वाटलेला. मिरची, लसूण आणि सुक्या कोळंबीच्या मसाल्याचा लेप आत तसाच होता. तीस खल एकदम दणदणायला लागले. पांढऱ्या तोंडांची माणसं शिंकत शिंकत बिया कुटत होती.

"हे काय चाललंय?" निंद्याने आतून विचारलं.

"तुझं स्वागत, बाळ. केळं घे."

पूड जमली. वजन करायला वेळ नव्हता, पण परात काठोकाठ भरली. रंग मात्र पांढरा नव्हता, किंचित नारिंगी होता. गुरुजींनी ती हौदात ओतली आणि लांब वल्ह्याने ढवळायला सुरुवात केली.

"आता बोलू नका," ते म्हणाले. "आधी जोरात ढवळायचं, म्हणजे पूड सगळीकडे पोचते. मग हळू, अगदी हळू. जोरात ढवळत राहिलं तर धरलेले हात सुटतात."

गुरुजींनी मान वर केली तर हौदाभोवती सगळी गल्ली टाचा उंचावून उभी होती. निंद्यासुद्धा हातात केळं घेऊन त्यांच्यात येऊन उभी राहिली होती. अडतीस वर्षांत एवढा मोठा आणि एवढा शांत वर्ग त्यांना कधी मिळाला नव्हता. त्यांनी धडा पुरा केला. कण कसे एकत्र येतात, जड होऊन कसे बसतात, कोळसा काय करतो, वाळ्याची मुळं काय करतात. उन्हात लोक दीड तास उभे राहिले. एकदाही कुणी जांभई दिली नाही.

लाल साका दह्यासारखा तळाशी बसला. वरचं पाणी कोळशातून, काथ्यातून, वाळूतून झिरपलं, वाळ्याच्या डबक्यातून फिरलं आणि नळीच्या तोंडातून नदीत पडायला लागलं. शहाळ्याच्या पाण्यासारखं.

निंद्याने बाटली भरली, उन्हात धरली, मग नाकाशी नेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रंग चांगला आहे," ती म्हणाली. "पण वास..."

"कागदात काय लिहिलंय, बाळ?" गुरुजींनी विचारलं.

"रंगाचा किंवा रसायनाचा वास नसावा."

"येतोय?"

तिने पुन्हा हुंगलं आणि प्रामाणिकपणे मान हलवली. "नाही. साम्बलचा येतोय." थोडा विचार करून तिने लिहिलं, 'रसायनाचा वास नाही.' मग म्हणाली, "एक बाटली प्रयोगशाळेत जाईल. तोवर नळी चालू ठेवा. आता शेजाऱ्यांच्या सह्या."

दहा हव्या होत्या, एकतीस झाल्या. समासात, पाठीमागे, आडव्या, जिथे जागा मिळेल तिथे. लोकांनी सहीखाली तारीख आणि वेळही घातली, पुढे कधी वाद नको.

"आणि पाक लुराह?" निंद्याने विचारलं. "ते जागेवर येऊन बघून सही करणार होते. त्यांची सही नसली तर हा कागद चालत नाही, बू. आज दोनला मला तो घेऊन निघायचंय."

सगळ्यांनी एकदम गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे, पन्नास पावलांवर, पाक लुराह स्कूटरवर बसले होते. बैठकीहून परतताना थांबले असावेत, किंवा बैठकीला गेलेच नसावेत. डोक्यावर हेल्मेट होतं, काच खाली होती, आणि गळ्यापर्यंत बंद केलेला रेनकोट होता. आभाळात ढगाचा एक तुकडा नव्हता.

"इथून दिसतंय मला पाणी!" ते ओरडले. "छान आहे! कागद इकडे पाठवा!"

गर्दीतून हुंकार निघाला. "बघितलंत?" वास्ती म्हणाली. "आत पाऊल टाकायची छाती नाही."

गुरुजी कागद घेऊन एकटेच निघाले. जवळ गेले तशी स्कूटर दोन पावलं मागे सरकली.

"तिथेच थांबा, गुरुजी! तुमच्या बाहीवर पूड आहे."

"हार्जितो," गुरुजी म्हणाले. त्यांनी त्याला चौथीत, पाचवीत आणि सहावीत दोनदा शिकवलं होतं. "तूसुद्धा? अरे, सुसुक वगैरे तू तरी मानू नकोस!"

"सुसुक?" काचेआडून आवाज आला. "छे! सुसुकला कोण घाबरतं?"

"मग?"

स्कूटरचं इंजिन बंद झालं. हेल्मेट एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळलं.

"तुम्हीच सांगितलंत ना," लुराह हळूच म्हणाले. "कुठलाही रंग धरते. काळा तर फार छान. वाऱ्याने चिमूटभर उडाली आणि भरगर्दीत निम्मी मिशी पांढरी झाली, तर?"

गुरुजींना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते हसू नव्हतं. सगळ्या गावात घरोघर फिरून त्यांनी सांगितलं होतं, आणि सगळ्या गावात एकाच माणसाने त्यांच्या विज्ञानावर विश्वास ठेवला होता. तोही सहावीत दोनदा बसलेल्याने.

"कलप?" त्यांनी विचारलं.

"हळू बोला! लोकांना सुसुक वाटतो तेच बरंय. सुसुक म्हणजे निदान दरारा असतो, गुरुजी. कलप म्हणजे नुसतं हसं. माझ्या बायकोलासुद्धा माहीत नाही."

"धडा अर्धाच ऐकलास," गुरुजी मायेने म्हणाले. "पाण्यात मोकळा फिरणारा रंग ही पूड धरते. केसात मुरलेला रंग मोकळा नसतो. हौदातलं कापड नाही का लालच राहत? काच वर कर."

"नको."

"हार्जितो. काच वर कर."

त्या आवाजाला वय नव्हतं. काच वर झाली. गुरुजींनी बाहीवरची पूड बोटाला घेतली आणि लुराहच्या मिशीच्या एका टोकाला हलकेच चोळली. लुराहनी डोळे मिटून घेतले, मग एक डोळा उघडून स्कूटरच्या आरशात पाहिलं. मिशी काळी होती. शिंक आली, पण मिशी काळीच होती. त्यांनी हेल्मेट काढलं, रेनकोट काढला, मुठीने घाम पुसला आणि गुरुजींच्या मागोमाग चालत अंगणात आले. हौद पाहिला, नळी पाहिली, परातीला चिकटून राहिलेली पूड खरवडून घेऊन कपाळाला माखली आणि झोकदार सही केली. दोनला पाच मिनिटं कमी होती.

नळी वाचली. आठही बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि शिंकल्या.

गर्दी मात्र घरी जाईना.

"लुराह नाही," वास्ती सावकाश म्हणाली. "आपण सगळे नाही. मग पाच किलो आणल्या कुणासाठी?"

"पाण्यासाठीच असतील," कुणीतरी म्हणालं.

"असं? मग मला सांगा, ज्यांचं आजवर कोंबड्यांनी ऐकलं नाही, त्यांचं आज सगळ्यांनी दीड तास उन्हात उभं राहून ऐकलं. ती कचेरीची पोरगी हो म्हणाली. एका शब्दात लुराहचं हेल्मेट उतरलं. हे कसं झालं?"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं.

"पण ते तर चार दिवस शेवग्यातच लोळतायत!"

"तेच तर म्हणते मी," वास्तीचा आवाज आदराने खाली आला. "पाच किलोनेही उतरला नाही. केवढा पक्का असेल!"

शनिवारपर्यंत नदीवरच्या चार कारखान्यांचे मालक गुरुजींच्या पडवीत येऊन गेले. त्यांनी वह्या आणल्या होत्या. कोळसा किती बोटं, वाळू किती बोटं, ढवळायचं कधी जोरात आणि कधी हळू, सगळं शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं, आणि जाताना वाकून, गुरुजींच्या तोंडाकडे न बघता निरोप घेतला.

"रुमांती," शेवटचा मालक गेल्यावर गुरुजी म्हणाले, "हे लोक चुकीच्या कारणासाठी ऐकतायत. मला त्यांना खरं सांगायला हवं."

"खबरदार!" रुमांती म्हणाली. "नदी साफ होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही."

"पण तू तरी असलं काही मानत नाहीस ना?"

"मी? मला काय वेड लागलंय?"

त्या संध्याकाळी जेवायला भात होता, तळलेला तोफू होता आणि एक वाडगाभर हिरवं कालवण होतं. गुरुजींनी चमचा बुडवला आणि पानं ओळखली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, त्या घरात शेवग्याची भाजी कधी शिजली नव्हती.

त्यांनी मान वर केली. रुमांती स्वतःचं ताट बाजूला सारून, हनुवटीखाली हात घेऊन, टक लावून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"खा ना," ती म्हणाली. "ताजी आहे."

गुरुजींनी एक वाडगा संपवला. तिने न विचारता दुसरा भरला. त्यांनी तोही शेवटच्या पानापर्यंत संपवला, वाडगा उपडा करून दाखवला आणि मग तिच्याकडे बघून, जसा होता तसाच, हसले.

रुमांतीने मोठा सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता की थोडा निराशेचा, हे विज्ञानाच्या शिक्षकालाही सांगता आलं नाही.